दाखल्याची नक्कल

ठाणे, ४ फेब्रुवारी १९५४

दिगंबर,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही, म्हणून नुसतं नाव.

कळव्याच्या कान्हा कोळ्याला काल तीन वर्षांची सजा झाली. मिठागरावर ती मारामारी चालू होती त्या दुपारी, अगदी त्याच वेळी, तो माझ्या वॉर्डात हाताला टाके घालून पडला होता. मेट्रन म्हणून तसा दाखला मी स्वतः तुझ्या हातात दिला. तू म्हणालास, "ताई, तू घरी बैस. मी आहे ना!"

जजसाहेबांनी दाखल्याबद्दल विचारलं तेव्हा तू, सरकारी वकील, ऐटीत म्हणालास, "असा कागदच आमच्याकडे नाही." मी मागच्या बाकावर होते. तू वळून पाहिलंस आणि मी गप्प बसले, तू भाऊ म्हणून. ती लाज माझी.

बाहेर त्याची बायको मंजुळा म्हणाली, "बाय, तुमीच बोल्लाव ना, 'माजा भाऊ खरा बोलंल'?"

पण कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरनी छडी मारून लावलेली माझी सवय तू विसरलास. नक्कल काढल्याशिवाय मी कशावरही सही करत नाही. ती नक्कल आणि तुझ्याविरुद्धची माझी तक्रार उद्या मंजुळाचा वकील हायकोर्टात देणार आहे.

तुला आधी कळवावं म्हणून लिहायला बसले. पण दाखला दडपणार आहेस हे तू कान्हाला आधी कळवलं होतंस का? मग हे पत्र टपालपेटीत पडणार नाही. तूही कोर्टातच ऐक. या वेळी मी पुढच्या बाकावर असेन.

कान्हाची साक्षीदार,
तुझी ताई