परग्रहावरच्या सहा शांत खोल्या

तीर्थरूप आत्या,

परग्रहावरून (म्हणजे शहराबाहेरच्या एका गोदामातून, ज्याचा सरावासाठी आतून परग्रह केलाय) तुझ्या भाचीचा साष्टांग नमस्कार. गुडघे काय म्हणतात? माझे म्हणतात, आता पुरे. महिनाअखेर तू घर रिकामं करून दादाकडे कायमची राहायला जाणार, हे तुझ्या पत्रात तिसऱ्या पानावर, गळक्या टाकीच्या हकिगतीनंतर कळलं. (मोठ्या बातम्या तू अशाच देतेस.) घराला कुलूप लागायच्या आत मला तिथे यायचंय. पण इथे आम्ही सहा जण कोंडलेले, आणि बाकीच्या पाचांनी माझ्या कामावर सही केल्याशिवाय माझी सुटका नाही.

काम ऐकायला सोपं आहे. परग्रहावर राहणाऱ्यांना बसून काम करायला सुखाची जागा हवी, आणि तिकडे दुकान नसल्यामुळे ती आहे त्या सामानातूनच व्हायला हवी. मी रिकाम्या खोक्यांच्या फळ्यांची टेबलं केली, पॅराशूटच्या पट्ट्यांनी खुर्च्या विणल्या, उन्हासारखे रंग बदलणारे दिवे लावले आणि प्रत्येकाला स्वतंत्र, शांत खोली दिली. डॉक्टरीणबाईंनी तर माझी पाठ थोपटली. दुसऱ्याच दिवशी त्या आणि बाकीचे तिघं वह्या घेऊन पाणी गाळायच्या पंपाशेजारच्या बोळात जाऊन बसले. तिथे आमच्यातल्याच, पंप दुरुस्त करणाऱ्या काकांचा मुक्काम असतो. दिवा मिणमिणता, बसायला उपडी बादली, आणि आवाज असा की मनातला विचारही ओरडून करावा लागतो.

मी हट्टाला पेटले (हे तुझ्याकडूनच आलंय, नाही म्हणू नकोस). बादलीची उंची मोजली, बोळाची रुंदी मोजली, भिंतीची ऊब मोजली आणि हुबेहूब तसाच बोळ पलीकडे उभा केला, मिणमिणत्या दिव्यासकट. त्यात चार दिवस मी एकटीच बसले. मग काका नळी बदलायला रोपांच्या खोलीत गेले, आणि सगळी वरात बादल्या उचलून त्यांच्या मागे. काका कुणाशी बोलत नाहीत. नट पुसतात, मधूनच स्वतःशी "हं" म्हणतात. शेवटी त्यांनाच विचारलं, तर म्हणाले, "मी कुठे कुणाला बोलावतो? येतात, बसतात. मग मीही जरा हळूहळू आवरतो."

तेव्हा डोक्यात लख्ख प्रकाश पडला आणि रडू आलं. आत्या, माझा शाळेचा सगळा अभ्यास तुझ्या शिलाई मशीनसमोर जमिनीवर झाला. आतल्या खोलीत टेबल होतं, पंखा होता, आणि तिथे मला एकही गणित सुटत नव्हतं. तू मान वर करून कधी पाहिलंही नाहीस, आणि मला तेवढं पुरायचं. हे सगळं ठाऊक असून मी सहा शांत खोल्या बांधल्या. त्या मग पाडल्या. मध्ये काकांचं दुरुस्तीचं टेबल ठेवलं, भोवती आमची पाच. काल पाचही सह्या मिळाल्या. तब्येतीला जप.

तुझी भाची

ता. क. सह्या मिळाल्या, पण घोळ झालाय. काम इतकं पसंत पडलं की हा सराव बाहेरून चालवणारे साहेब मला आणखी आठ महिने ठेवून घेणार, दुसरं गोदाम लावायला. तेव्हा पत्राचं खरं कारण: तू अंथरुणाला खिळली आहेस असं ताबडतोब लिहून पाठव. अक्षर जरा थरथरतं काढ.

पुन्हा ता. क. इथली पत्रं साहेब आधी वाचतात, हे मी साफ विसरले. ते पत्र हातात घेऊनच आले. रागावले नाहीत. म्हणाले, "आजारपण नको. घरून बोलावणं आलं तर चार दिवस सोडतो." आता आली का पंचाईत? तू जन्मात कुणाला बोलावलेलं नाहीस, नुसतं दार उघडं ठेवतेस. पण ते दार इथून यांना दिसत नाही गं. मशीन बांधायच्या आत मला एक दुपार तुझ्यासमोर जमिनीवर बसायचंय. तू शिवत राहा, बोलूही नकोस. फक्त त्याआधी एकदा, एका कागदावर, एकच अक्षर लिहून पाठव: ये.