ब्रिटाची साक्ष

हार्विक, मंगळवार, १४ मे

प्रिय कार्ल,

तू बरा असशील असं धरून चालते. इथे तळ्यावरचा बर्फ यंदा उशिरा फुटला. आईच्या घराचं छप्पर मी दुरुस्त करून घेतलं. शाळेची बस अजून मीच चालवते, पोरं अजून मागच्या सीटवर मारामाऱ्या करतात आणि मी आरशात बघून ओरडते.

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तू हे बाजूला ठेवशील, हे मला ठाऊक आहे. पण कुतूहल तुला लहानपणापासून आवरत नाही, तेव्हा आज ना उद्या उघडशीलच.

कायदा मंजूर झाला, कार्ल. काल राज्याच्या सिनेटमध्ये, एका मताने.

घरात लहान मूल असेल तर बंदूक कुलपात आणि गोळ्या वेगळ्या ठेवायच्या, एवढंच त्यात आहे. कुणाची बंदूक कुणी उचलून नेणार नाही, हे तुझ्या शेजाऱ्यांनाही सांग. बाबांनी आपल्या दोघांना हरणाच्या शिकारीला कसं नेलं, हे मी सिनेटच्या समितीपुढे साक्ष देताना दर वर्षी सांगायचे. मी अजूनही नोव्हेंबरात जाते.

पहिल्या वर्षी मी बोलत असताना समितीचे अध्यक्ष फोनमध्ये डोकं घालून बसले होते. दुसऱ्या वर्षी विधेयक चर्चेलाच आलं नाही. एकदा तिथल्या व्हरांड्यात एक गृहस्थ म्हणाले, "बाई, तुम्ही आपली बस चालवा." मी म्हटलं, "तीच चालवून आलेय. पोरं शाळेत पोचली तेव्हा तुम्ही नाश्ता करत होता." या कायद्यासाठी झटणाऱ्या आमच्या गटातल्या बाया त्यावर अजून हसतात.

दर वर्षी मी तेच सांगायचे. माझा ओवेन एका नातेवाइकाकडे गेला होता. तिथे कपाटाला कुलूप नव्हतं. दुसऱ्या एका मुलाच्या हातात बंदूक होती. ओवेन घरी परत आलाच नाही.

तू म्हणे खानावळीत सगळ्यांसमोर बोललास, "माझी बहीण आर्लीन माझी अब्रू वेशीवर टांगते." पत्रकारांनी मला किती वेळा विचारलं, नातेवाईक कोण? मी नाव घेतलं नाही, एकदाही नाही. आणि ते मूल म्हणजे एक मुलगी होती, हेसुद्धा कधी तोंडातून जाऊ दिलं नाही.

आता जे सांगायचंय ते बसून वाच.

एप्रिलमधल्या सुनावणीला गेले, तर साक्ष द्यायच्या रांगेत तुझी लेक ब्रिटा उभी. कॉलेज बुडवून आली होती. मी तिला बाजूला ओढलं. म्हटलं, "पोरी, तू घरी जा. याची काही गरज नाही."

ती म्हणाली, "आत्या, मी नऊ वर्षांची होते तेव्हापासून सगळे मला हेच सांगतायत. खोलीत जा, बाहेर खेळ, तुला बोलायची गरज नाही."

"तुझ्या बाबांना माहीत आहे?"

"नाही. मला जमणार नाही. तू सांग."

म्हणून हे पत्र.

तिचं नाव पुकारलं. ती माइकपुढे जाऊन बसली. मग ती म्हणाली, "ओवेनच्या आईने तुम्हाला दुसऱ्या एका मुलाबद्दल सांगितलं. ते मूल म्हणजे मी. बंदूक माझ्या बाबांची होती. तिला हात लावू नकोस, असं त्यांनी मला शंभरदा बजावलं होतं. पण मी नऊ वर्षांची होते. बजावणं पुरलं नाही. कुलूप पुरलं असतं."

तिथे आपल्या भागाचे सिनेटर हॅलोरन होते, दर वर्षी विरोधात बोलणारे. तुझ्या आवडीचे. त्यांनी विचारलं, "तुमच्या वडिलांना तुरुंगात टाकायला हवं होतं, असं वाटतं तुम्हाला?"

ब्रिटा म्हणाली, "त्या दिवसापासून माझे बाबा मासे पकडायलासुद्धा एकटे जातात. त्यांना आणखी काय शिक्षा देणार तुम्ही? मला पुढच्या बापाला वाचवायचंय."

मग ती उठून माझ्या शेजारी येऊन बसली.

काल एकेकाचं नाव पुकारून मतं घेतली. हॅलोरनांचं नाव सगळ्यात शेवटी आलं, आणि तोपर्यंत दोन्ही बाजू सारख्या होत्या. ते उठले, चष्मा काढला, पुन्हा घातला, आणि "होय" म्हणाले. गॅलरीत टाळ्या वाजवायला बंदी आहे. म्हणून आम्ही सगळ्या नुसत्या उभ्या राहिलो. पहारेकरी हाताने बसा बसा करत होता. एकही बसली नाही. थोड्या वेळाने त्यानेही हात खाली घेतला.

मग समोरच्या हॉटेलात जाऊन आम्ही तळलेले मासे खाल्ले. ब्रिटाने ब्लूबेरी पायचे दोन तुकडे खाल्ले आणि कशावर तरी मोठ्याने हसली. इतक्या वर्षांत मी तिला तसं हसताना पाहिलं नव्हतं. हसताना ती तुझ्यासारखाच नाकातून आवाज काढते.

कार्ल, मी तुझ्यावर रागावले होते, आणि तो राग खोटा नव्हता. पण इतकी वर्षं मी त्याला कामाला जुंपलं, आणि काल बघितलं तर तो उरलाच नव्हता. एक गोष्ट मी समितीला कधी सांगितली नाही, ती तुला सांगते. ओवेनला तुझ्याकडे यायला फार आवडायचं. त्या सकाळीही तो गाडीत माझ्याआधी जाऊन बसला होता.

पुढच्या आठवड्यात गुरुवारी सकाळी गव्हर्नर कायद्यावर सही करणार आहेत. घरच्यांना त्यांच्या मागे उभं राहता येतं. कार्यालयातल्या मुलीने विचारलं, तुमच्या घरचे किती जण? मी तीन सांगितलेत. तुला एक शब्द बोलावा लागणार नाही. ब्रिटा मध्ये उभी राहील, मी एका बाजूला.

दुसरी बाजू मी कुणाला देणार नाही.

तुझी बहीण आणि ओवेनची आई,
आर्लीन