आबांच्या कॉम्प्युटरला शब्द फुटेना

कवठे महांकाळ,
६ जानेवारी २०२५

चि. स्वप्नाली हिस,
आबांचे अनेक आशीर्वाद. वि.

तू पाठवलेला कॉम्प्युटर पोचला, पेनड्राइव्ह पोचला. त्याचा उपयोग मात्र अजून पोचायचा आहे.

तुझ्या चिठ्ठीप्रमाणे सगळं केलं. पेनड्राइव्ह पुढच्या भोकात घातला, दोनदा टिचकी मारली, हिरवी पट्टी सरकू लागली. तुझी आई शेजारी माइक धरून बसली होती, जणू तिचं भाषण ठेवलंय. पट्टी निम्म्यावर आली आणि थांबली. मग पाटी आली, फाइल वाचता येत नाही, पुन्हा प्रयत्न करा. पुन्हा केला. पुन्हा तीच पाटी. पलटणीत आमच्या तोफा एकदा भरल्या की उडायच्या, त्यांना असली नाटकं नव्हती. त्यांनी माझे कान नेले ते सोड.

तू म्हणालीस, आई बोलेल ते मोठ्या अक्षरांत पडद्यावर उमटेल. मोबाइलवरची अक्षरं मला चष्म्यातूनही मुंग्यांसारखी दिसतात, म्हणून तर हा खटाटोप. पोरी, तुझ्या आईनं, अंबूबाईनं, माझ्याशी बोलणं टाकलंय. ताट सरकवलं की जेवायचं, कप ठेवला की प्यायचा, असा हातवाऱ्यांवर संसार चाललाय. तिला लिहिता येत नाही, मला ऐकू येत नाही. तिला माझा राग आलाय की कंटाळा, एवढं तरी मला कळायला हवं.

बाकी आमच्याकडून कसूर नाही. कॉम्प्युटर आला त्याच दिवशी तिनं नारळ फोडला आणि बिरोबाच्या नावानं चांगभलं म्हणत मूठभर भंडारा त्याच्यावर उधळला. घर हळदीनं पिवळं झालं.

उत्तर लगेच लिही. लोभ आहेच, चिडचिडीखाली दबलाय एवढंच.
तुझे आबा

कराड,
११ जानेवारी २०२५

तीर्थरूप आबांस,
स्वप्नालीचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

पट्टी थांबली की तुम्ही टेबलावर मूठ आपटली असणार. कृपा करून आपटू नका. तोच पेनड्राइव्ह इथे कॉलेजच्या लॅबमध्ये मी तपासला होता, बिनतक्रार चालला. म्हणजे जागा कमी पडत असेल किंवा व्हायरस अडवणारा प्रोग्रॅम आडवा येत असेल. दोन्हीचे उपाय सोबतच्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलेत. दुसरा पेनड्राइव्हही पाठवते. मार्चपर्यंत परीक्षा आहेत, मला रजा नाही, नाहीतर स्वतःच आले असते.

आईनं बोलणं टाकलंय हे मला पटत नाही. फोनवर ती थांबता थांबत नाही. तुमचं विचारलं की मात्र बरं हाय म्हणते आणि शेळ्यांकडे वळते.

रागावला असाल तरी माया कमी करू नका.
तुमची स्वप्नाली

कवठे महांकाळ,
१७ जानेवारी २०२५

चि. स्वप्नाली हिस,
आशीर्वाद. ते तेवढे अजून शिल्लक आहेत.

तुझा कागद भिंतीला चिकटवून एकेक ओळ पाळली. जागा मोकळी केली, तो अडवणारा प्रोग्रॅम बंद केला. तुझा नवा पेनड्राइव्ह तर पहिल्याच्या वर निघाला. पट्टी राहू दे, तो आत घातल्याचंच या खोक्याला कळत नाही. पाटीसुद्धा येत नाही. निदान पाटी यायची तेव्हा कुणीतरी उत्तर देतंय असं तरी वाटायचं.

त्यात तुझी आई. दरवेळी अडलं की उठते, देव्हाऱ्यातून चिमूट आणते, नजर लागली असणार अशा खुणा करते आणि पुढच्या भोकांवर भंडारा दाबून लावते. आता माइकलाही लावलाय. मी पुरे म्हणालो तर डोळे वटारले. तिचं चुकतंय असं मी म्हणत नाही, पण देवालासुद्धा हे यंत्र जमेना असं दिसतंय.

मी हरलो. दोन्ही पेनड्राइव्ह या पाकिटात परत पाठवतोय. खोकंही घेऊन जा, ज्वारीच्या पोत्याला जागा होईल. मला वाटलं होतं, एकदा तरी तिचं म्हणणं पुरतं समजेल. नाही समजणार. राहू दे.

तू जिवाला लावून घेऊ नकोस.
आबा

कराड,
२१ जानेवारी २०२५

तीर्थरूप आबांस,
साष्टांग नमस्कार. खोकं कुठेही जाणार नाही!

पाकीट उघडलं आणि माझी बोटं पिवळी झाली. पेनड्राइव्हच्या तोंडात भंडारा गच्च बसलाय. त्यानं वाचायचं तरी कसं? खोक्याच्या पुढच्या भोकांचंही तेच झालं असणार. अडलं म्हणून भंडारा आणि भंडाऱ्यामुळे अडलं, असं चाललंय तिथे. मला आधी हसू आलं, मग डोळ्यांत पाणी.

आता एवढंच करा. वायर काढा, खोकं भिंतीपासून फिरवा. पाठीमागे तशीच भोकं आहेत, तिथे आईचा हात पोचलेला नाही. पेनड्राइव्ह पुसून पाठवलाय, तो मागे लावा. माइक कोरड्या ब्रशनं झाडा आणि तोही मागेच लावा. पुढच्या भोकांना हात लावू नका.

आणि आईला एक शब्द बोलू नका. तुमच्यापेक्षा तिलाच जास्त घाई झालीय, नाहीतर एवढा भंडारा कोण उधळतं? उरलेला तिला तुमच्या कपाळावर लावू द्या.

पत्राची वाट पाहते. दोघांचाही हात माझ्या डोक्यावर राहू द्या.
स्वप्नाली

कवठे महांकाळ,
२६ जानेवारी २०२५

चि. स्वप्नाली,
हे पत्र आईचं आहे. पडद्यावर उमटलं तसं मी उतरवून घेतलंय. यंत्र अडखळलं तिथं तिनं परत सांगितलं. यात माझा शब्द एकही नाही. – आबा

सपे, तुला लय आशीर्वाद.

ह्या डब्ब्याम्होरं बोल म्हनत्यात, तर बोलती. म्या भंडारा वाह्यला पुढनं आन् द्येव पावला मागनं. पावला न्हवं, झालं तर!

पैल्यांदा काय बोलावं सुचंना. म्हनलं, काळी शेळी व्याली, दोन पिलं हायेत. त्ये उमटलं, तुझ्या आबांनी वाचलं आन् चष्मा काढून डोळं पुसत बसलं. म्या म्हनलं, आवं, शेळी व्याली तर रडायचं कशापायी? त्ये बी उमटलं.

म्या बोलनं टाकलं म्हनून तुला लिवलं व्हतं म्हनं त्येंनी. आगं, कवा टाकलं? भाकरी थापताना बोलती, शेळ्या बांधताना बोलती, त्ये निजल्यावं उशाला बसून बोलती. रोज बोलती. तोंडाकडं बघून बोलायचं तेवढं सोडलं. त्येंना ऐकू आलं न्हाई की कसनुसं हसायचं, त्ये मला बघवायचं न्हाई.

ह्ये वाचून त्येंनी खुर्ची म्होरं वढली. आता म्हनत्यात, मागचं समदं परत सांग, मी वाचतो.

जपून ऱ्हा, जीव असू दे आमच्यावर. लय साठलंय गं पोरी. कुठनं सुरू करू?

तुझी आई