घोस्ट केलं म्हणजे काय

आई, तुझ्या नातीला एका मुलाने घोस्ट केलंय. हा शब्द तुझ्या वेळी नव्हता. मलाही तो तिनेच समजावला, मागच्या महिन्यात, ओट्यापाशी उभं राहून. मी भाकऱ्या थापत होते. "म्हणजे गायब झाला, आई. भांडण नाही, काही नाही. मी मेसेज करते, उत्तर येत नाही." मी विचारलं, लग्नाचं काही बोलणं झालं होतं का. म्हणाली, "तसं नव्हतं गं. सिच्युएशनशिप होती. सोबत होतो, पण काही ठरलेलं नव्हतं." त्याला मराठीत काय म्हणायचं, विचारलं. "मराठीत नसेलच. म्हणून तर तुला सांगता येत नव्हतं." तव्यावरची भाकरी करपत होती. तिनेच गॅस बारीक केला.

तू गेलीस तेव्हा ती बालवाडीत होती. आता लोअर परळला, जिथे बाबांची गिरणी होती त्याच बाजूच्या एका ऑफिसात जाहिराती लिहिते. पावसाळ्याआधी एका बिर्याणीवाल्यासाठी तिने ओळ लिहिली, ‘आम्ही घोस्ट करत नाही, गरमागरम येतोच.’ तेव्हा तो मुलगाही खूप हसला होता म्हणे. आता ती ओळ आपल्या परळच्या बसस्टॉपवर हातभर अक्षरांत लागलीये, आणि तिला रोज तिथेच उभं राहावं लागतं. आधी हे शब्द ऑफिसातल्या मुलींच्या तोंडी होते, मग मोबाईलवरच्या रील्समध्ये आले, आता सिरियलमधली सासूसुद्धा सुनेला रेड फ्लॅग, म्हणजे धोक्याची खूण, म्हणते. परवा मी तिच्यासोबत स्टॉपपर्यंत गेले होते. एक शाळकरी मुलगी मैत्रिणीला म्हणाली, "काल क्लासला घोस्ट केलंस ना मला?" दोघी खिदळल्या. तुझी नात बस येते त्या दिशेला बघत राहिली.

मला तुझा तो रविवार आठवतो. माझं लालबागला जमलं होतं, साखरपुडा ठरत होता आणि त्यांच्याकडून निरोप येणंच बंद झालं. मी कोपऱ्यात बसून आहे. तू ठेवणीतलं पातळ नेसतेस. "रडतंस कित्याक? आधी इचारून येतंय." जातेस, परत येतेस, चपला काढता काढता दारातूनच सांगतेस, "नाय म्हणतत. हात धुव, जेव." असं तोंडावर कुणी सांगतं का, म्हणून मला तुझा राग आला होता. पण नकार घरात आला होता. त्याच्यासमोर बसून रडता आलं, आणि मग संपलं.

मी कुणाच्या दारात जाऊ, आई? त्याचं घर कुठे ते हिलाही नीट माहीत नाही. होता तो एक नंबर, त्यावरचा फोटोही आता दिसत नाही. हिला राग येत नाही, काळजी वाटते. "अ‍ॅक्सिडेंट वगैरे तर नसेल ना झाला?" म्हणते. म्हणून मंगळवारी दुपारी, ती ऑफिसात असताना, मी माझ्या फोनवरून त्याला लावला. त्याने लगेच उचलला. मागे कुणीतरी हसत होतं. "हॅलो, कोण?" आवाज छान मोकळा होता. तू असतीस तर विचारलं असतंस. मी फोन ठेवून दिला.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकणार आहे मी? आज सकाळी तिने पुन्हा तेच विचारलं. तो ठणठणीत आहे, एवढंच सांगायचं होतं. मी म्हटलं, "डबा घेतलास का?"