बालवाडीच्या टीव्हीपुढे उभा राहिल्याचा खुलासा

प्रति,
मा. पर्यवेक्षण अधिकारी,
फुलोरा बालसंगोपन मंडळ, पनवेल.

विषय : बालवाडीतील टीव्ही जेवणाच्या वेळी बंद ठेवणेबाबत, व तोपर्यंत मला तेथे उभे राहू देणेबाबत.
संदर्भ : ‘अनधिकृत इसम’ या नावाने मला आलेली दि. ६ जानेवारीची नोटीस.

महोदय,

तो इसम मीच. नाव आनंदा दादू भोईर, वय ६७, राहणार नेरे.

माझी नात रिया आपल्या नेऱ्याच्या बालवाडीत आहे. वय चार, वजन एकवीस किलो, म्हणजे वयाच्या मानाने बरेच जास्त. मोबाइल समोर असल्याखेरीज ती घास घेत नसे, आणि असला की थांबत नसे. झोपतानाही तोच उशाशी. अकरापर्यंत डोळे टक्क उघडे, सकाळी उठवताना घरात शिमगा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “आजोबा, पडद्याकडे बघत जेवणाऱ्या पोराला पोट भरल्याचं कळत नाही. त्यात झोप अपुरी झाली की दिवसभर खा खा सुटते.”

त्या दिवसापासून संध्याकाळी सातला घरातले सर्व मोबाइल तांदळाच्या पिंपात. रिया तीन दिवस रडली. तिचा बाप प्रणित पाच दिवस. आठव्या दिवशी रिया नऊला झोपली. दुसऱ्या दिवशी अर्धी भाकरी ताटात ठेवून म्हणाली, “आजोबा, माजा पोट भरला.” हे वाक्य आमच्या घरी प्रथमच ऐकण्यात आले. सूनबाईंच्या डोळ्यांत पाणी आले.

अशात डिसेंबरमध्ये मंडळाने बालवाडीला टीव्ही दिला. खिचडी वाढली की तो लावतात. पोरे आ वासून बसतात, आत काय जाते याचा त्यांना पत्ता नसतो. रिया पुन्हा तीन वाट्यांवर गेली. मी शिक्षिका नीताबाईंना विचारले. त्या म्हणाल्या, “काका, टीव्ही चालू आणि पोरं जेवतायत, असा फोटो रोज वर पाठवायला लागतो. नाही पाठवला तर मलाच विचारतात.”

म्हणून मी आपल्या कार्यालयात आलो. आपले लिपिक मोबाइल बघत वडापाव खात होते. माझे म्हणणे ऐकता ऐकता त्यांनी दोन संपवले, कागद चाचपला आणि मला विचारले, “काका, इथला दुसरा तुम्ही घेतलात का?” सदर बाब पुरावा म्हणून नोंदवीत आहे.

सबब २ तारखेपासून मी खिचडीच्या वेळी टीव्हीपुढे उभा राहतो. पहिल्या दिवशी पोरे ओरडली, “सरका ना, दिसत नाय!” एकाने खिचडी फेकली, ती सदऱ्यावर घेतली. सरकलो नाही. ओढ्यात चिंबोरीने, म्हणजे खेकड्याने, माझा अंगठा कसा धरला ते सांगू लागलो. पोरे गप्प झाली, मग चावून जेवली, मध्येच “रक्त आलं का?” विचारू लागली. रियाने एका वाटीवर हात झटकले. नीताबाईंनी नेमाने फोटो काढला. त्यात टीव्हीच्या जागी मी आलो, हा त्यांचा दोष नाही.

नोटिशीत मी ‘शैक्षणिक साधनास अडथळा’ केल्याचे म्हटले आहे. मान्य आहे. तोच हेतू होता.

तरी जेवणापुरता टीव्ही बंद ठेवण्याचा लेखी आदेश व्हावा, व नीताबाईंना त्रास होऊ नये, ही विनंती. आदेश लवकर व्हावा, कारण एक अडचण उद्भवली आहे. चिंबोरी, रानडुक्कर, विहिरीत पडलेला रेडा, अशा माझ्या आयुष्यातील खऱ्या गोष्टी शुक्रवारी संपल्या. आजपासून मी लेकरांशी खोटे बोलत आहे.

आपला नम्र, व तूर्त उभा,
आनंदा दादू भोईर
नेरे, दि. १२ जानेवारी २०२६

सोबत : १) नोटिशीची प्रत. २) रियाच्या वजनाचा कागद.