साहेबाला द्यायचं उत्तर

यावल,
ता. ३ मार्च १९९१

तीर्थस्वरूप अक्काच्या पायांवर धाकट्या जीवरामचं डोकं. (मध्ये आता केस येत नाहीत, त्यामुळे नमस्कार थेट पोचतो.)

तुझे गुडघे कसे आहेत? दाजींच्या दम्याचं आणि धुळ्याच्या धुळीचं जमलं, की अजून रोज भांडण? आमचं बरं चाललंय. यशोदेचं डोकं अधूनमधून दुखतं, पण दुखण्याचं कारण मीच असल्यामुळे डॉक्टरांचा इलाज चालत नाही. केळी यंदा चांगली आहेत. हायस्कुलातून मी निवृत्त झालो तरी गल्लीतली पोरं अजून मला पाहून विड्या लपवतात, तेवढाच मान शिल्लक आहे.

तुझं कार्ड मिळालं. भूषणला अमेरिकेच्या कॉलेजात प्रवेश मिळाल्याचं वाचून लगेच पेढे आणले (निम्मे वाटले, उरलेल्यांचं विचारू नकोस). भाच्यानं मामाचं नाव काढलं! पण पुढे तू लिहितेस, की व्हिसाच्या मुलाखतीसाठी त्याला माझ्याकडे पाठवतेस, कारण आमचा हेमराज पहिल्या झटक्यात पास झाला आणि त्याला मीच तयार केलं होतं. अक्का, माझी कीर्ती धुळ्यापर्यंत गेली हे वाचून छाती फुगली, पण हे काम माझ्याच्याने व्हायचं नाही. राग मानू नकोस. का ते सविस्तर लिहितो, म्हणजे तू दाजींना सांगशील आणि ते मला आखडू म्हणणार नाहीत.

हेमराजच्या तयारीची सुरुवातच उलटी झाली. तिकडच्या कॉलेजने अर्जाबरोबर एक निबंध मागितला होता, स्वतःविषयी. मी इंग्रजीचा मास्तर, म्हटलं हे तर डाव्या हाताचं काम. रात्र जागून लिहून काढला. त्यात आपले आबा होते, आबांनी खणलेली विहीर होती, केळीचं खोड कसं लावावं हे होतं, माझ्या नोकरीची हकिकत होती. हेमराजने वाचला आणि हळूच म्हणाला, नाना, ह्यात मी कुठे आहे? मी म्हटलं, शेवटी सही आहे ना तुझी! त्याने स्वतःच दुसरा लिहून पाठवला आणि त्यावरच त्याला प्रवेश मिळाला. माझा निबंध यशोदेने पिठाच्या डब्याच्या तळाशी घातला.

मग तिकडच्या राहणीची तयारी. आमच्या गल्लीतला कापडवाला रतिलाल हा परदेशाचा जाणकार. (त्याचा आतेभाऊ लंडनला असतो. स्वतः रतिलाल सुरतेच्या पुढे गेलेला नाही, पण उंटावरच्या शहाण्याला कुठे उतरावं लागतं?) तो म्हणाला, थंडीची सवय करा. आता मे महिन्यात यावलला थंडी कुठून आणायची? शेवटी ओळखीने एका बर्फाच्या कारखान्यात गेलो. हेमराज स्वेटर, मफलर, कानटोपी घालून लाद्यांच्या मधोमध बसला, आणि मी बाप म्हणून सोबतीला नुसत्या सदऱ्यावर बसलो. बाहेर कावळे उन्हाने चोच उघडी टाकून बसलेले, आणि आत आम्ही बापलेक कुडकुडतोय. तो ठणठणीत राहिला. मी आठवडाभर शिंकत होतो आणि लोक विचारत होते, मास्तर, ह्या उन्हात पडसं?

काट्या-चमच्याने कळण्याची, म्हणजे आपली ज्वारी-उडदाची भाकरी खायचा प्रयोगही झाला. भाकरीचा तुकडा उडून रतिलालच्या चष्म्यावर बसला, तेव्हा तो प्रयोग थांबला. स्वयंपाकाचं म्हणशील तर यशोदेने त्याला भरीत शिकवायला घेतलं. वांगी कपाशीच्या काड्यांवरच भाजली पाहिजेत असा तिचा हट्ट, आणि तिकडे काड्या मिळतील का ह्याची चौकशी मी कुणाकडे करणार? तिकडे आपलं ताट आपणच घासतात म्हणून हेमराज जेवल्यावर ताट घासायला बसायचा.  तो उठून गेला की यशोदा तेच ताट पुन्हा घासायची. मला वाटायचं, त्याला नीट घासता येत नाही म्हणून घासते. आता वाटतं, ते काम तिला कुणालाच द्यायचं नव्हतं.

हे सगळं हसण्यावारी गेलं. खरी तयारी मुलाखतीची. माहिती काढली तेव्हा कळलं, मुंबईला वकिलातीतला साहेब बाकी सगळं वरवर विचारतो आणि एकाच ठिकाणी अडतो: शिक्षण झाल्यावर तू तुझ्या देशात परत जाशील हे कशावरून? त्याची खात्री पटली नाही की संपलं. तेव्हा रोज दिवेलागणीला मी लग्नातला कोट घालून अंगणात टेबलामागे बसायचो. (कोट पोटावर मिटत नव्हता. साहेबाचंही पोट सुटलेलं असू शकतं.) हेमराज फाटकाची कडी वाजवून यायचा, गुड मॉर्निंग म्हणायचा आणि मी तोंड वाकडं करून विचारायचो, कशावरून?

आधी त्याचं उत्तर कोरडं होतं. आमची शेती आहे, घर आहे, वगैरे. मी म्हटलं, ह्याच्याने साहेब द्रवायचा नाही, आतून बोल. तसा तो सुधारत गेला. एका संध्याकाळी तो इंग्रजीत म्हणाला, की मी एकुलता एक आहे. माझे वडील थकत चालले आहेत, ते कबूल करत नाहीत. मी घरी आल्याशिवाय माझी आई जेवत नाही. मला परत यावंच लागेल, कारण दुसरीकडे मला झोप लागणार नाही. अक्का, मी साहेब होतो ना, मला रडता येईना. मी टेबलावरचे कागद खालीवर केले आणि पुढचा प्रश्न विचारला.

यशोदा ओसरीत लसूण सोलत होती. म्हणाली, काय बोलला तो? मी तिला मराठीत सांगितलं, शब्दन् शब्द.  दुसऱ्या दिवसापासून दिवेलागणीला ती कामं आटोपून दाराशी येऊन बसायला लागली, पोथी ऐकायला बसावं तशी. इंग्रजी तिला ओ की ठो कळत नाही, पण कुठल्या शब्दाला आई येते आणि कुठल्या शब्दाला परत येणं, हे तिला पाठ झालं. तिथे आलं की मान हलवायची. आळीतल्या बायांना सांगायची, माझं पोरगं रोज मला वचन देतं. ही नुसती तालीम आहे, हे तिला सांगायचं माझ्या मनात यायचं. पण अक्का, खरं सांगतो, तोवर मीही ऐकायलाच बसत होतो. उत्तर पक्कं झाल्यावरही मी मुद्दाम चुका काढायचो, म्हणजे पुन्हा म्हणावं लागेल.

साहेबाने एकदाच ऐकलं आणि शिक्का मारला. अठ्ठ्याऐंशीच्या ऑगस्टमध्ये जळगावच्या स्टेशनावर पोचवायला गेलो. गाडी उभी, हेमराज खिडकीत. यशोदा म्हणाली, "ते रोजचं म्हन ना रे." त्याने घडाघडा म्हणून दाखवलं, डब्यातली माणसं बघायला लागली. ती हसली. मग म्हणाली, "इंग्रजी त्या सायबाले झालं. आता मले मराठीत सांग."

त्याने तोंड उघडलं, अक्का. मग पिशवीचा बंद ओढला, पुन्हा सोडला. म्हणाला, "आई, लोणच्याच्या बरणीचं झाकण सैल आहे गं." आणि गाडी हलली.

घरी येताना एसटीत यशोदा म्हणाली, "इसरला असीन. गाडीच्या घाईत पोरांले आठवत नाही." मी हो म्हटलं. पण मी आयुष्यभर पोरांच्या तोंडी परीक्षा घेतल्या आहेत. विसरलेलं पोर वर आढ्याकडे बघतं. हा खाली बघत होता. वाईट ह्याचंच वाटतं की पोरगं प्रामाणिक आहे. साहेबाशी त्याला खोटं बोलता आलं, आईशी आलं नाही.

त्याचं शिक्षण गेल्या मे महिन्यात संपलं. नोकरी धरली आहे, फक्त अनुभवापुरती असं लिहितो. पत्रं वेळेवर येतात, प्रकृतीला जपा असं असतं. यशोदा प्रत्येक पत्र मला दोनदा वाचायला लावते आणि विचारते, एवढंच?

तेव्हा अक्का, भूषणला दुसऱ्या कुणाकडे पाठव. हा धडा मी पुन्हा शिकवणार नाही. दाजींना नमस्कार, भूषणला आशीर्वाद.

तुझा,
जीवराम

ता.क. पत्र बंद करायच्या आधी यशोदेने वाचून दाखवायला लावलं. स्टेशनाचा भाग मी गाळला. ती म्हणाली, एवढं मोठं पत्र लिहून नाही कशाला म्हणता, पोराला येऊ द्या. तिने भूषणसाठी गादी उन्हात टाकली आहे, म्हणजे माझ्या मताला काय किंमत आहे ते तुला कळेल.

ता.क. मुलाखत मे महिन्यात आहे ना? तयारीला आठ दिवस पुरतात, पण तू त्याला महिनाभर पाठव. दिवेलागणीला अंगणात बसून त्याने मोठ्याने उत्तर द्यावं, चुकलं तरी चालेल. घर फार गप्प झालंय, अक्का. बाकी मला काही नको.

ता.क. तू मात्र त्या दिवसांत इकडे येऊ नकोस. आणि त्याला पोचवायला जाशील, तेव्हा स्टेशनावर मराठीत काही विचारू नकोस.