पंचमीची कढई

कारण सांगायला तुमचं काय जात होतं? रिकामी कढई आगीवर ठेवायची न्हाई, एवढा हुकूम सोडलात आणि गेलात. लोणच्यात ओला चमचा घालू नको म्हणालात, तर बुरा चढतो हे सांगितलंत. मीठ झाकून ठेव म्हणालात, तर पाणी सुटतं हे सांगितलंत. तिन्हीसांजेला केर काढू नको, दळण अर्धवट टाकू नको, सगळ्याला तुमच्याजवळ कारण होतं, आणि ते मी मागितलं नाही तरी ऐकावं लागायचं. या एकाच गोष्टीचं कारण तेवढं गिळून बसलात. मी म्हटलं, म्हातारीचं खूळ. आणि खूळ म्हणून आयुष्यभर पाळलं.

आत्याबाई, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्या फोटोला हार घालायची आठवण आता घरात कुणाला राहत नाही. मलाही नाही. उगाच गोड बोलायला मी बसलेली नाही. तुमचं माझं कधी पटलं नाही. तुम्ही सासू म्हणून तिखट होता आणि मी सून म्हणून काही साखरेची नव्हते. दुसरीत शाळा सुटली माझी, जोडाक्षर आलं की हात अडखळतो, तरी कॅलेंडरचं पान फाडून त्याच्या पाठकोऱ्या बाजूला लिहिते आहे. घरात माणसं आहेत, पण ऐकणारं कुणी नाही. तुम्हीही ऐकत नव्हताच, पण आता उलटून तरी बोलणार नाही.

तुमची पणती आतल्या खोलीत पालथी झोपली आहे. माझ्या पोराची एकुलती एक लेक. तिला शिरोळकडं दिली, लग्नाला अजून दोन वर्षं पुरी व्हायची आहेत. नागपंचमीला म्हणून इथं कळंब्याला आली, आणि मागं कृष्णेचं पाणी रस्त्यावर आलं. एसटी बंद झाली, ती इथंच राहिली. बातम्यांत पाणी वाढलं म्हणून सांगायचे, सगळे चुकचुकायचे, आणि मी मनात म्हणायचे, राहू दे बाई अजून चार दिवस तशीच. काल पाणी उतरलं. रस्ता मोकळा झाला. आज तिचा नवरा तिला न्यायला येतो आहे. माझा पोरगा त्याच्यासाठी बासुंदी आणायला राजारामपुरीत गेला आहे. जावई यायच्या आत मला ठरवायचं आहे, ही पोरगी त्याच्या गाडीत बसणार का नाही. बाकी कुणाला ठरवायचं काही आहे असं वाटतच नाही.

आधी तुमचं सांगते, म्हणजे तिचं कळेल.

मी नवी नवरी. बिडाची ती कढई तुम्ही माहेरनं आणलेली, एका हातानं उचलायची नाही अशी जड. तिच्यातलं पिठलं संपलं की तळाची खरवड कुणाला, यावर पोरं भांडायची. बीड ओलं राहिलं तर गंजतं, म्हणून माझ्या आईनं शिकवलेलं, धुतली की जरा आगीवर धरायची, कोरडी झाली की तेलाचं बोट फिरवायचं. मी तेच केलं. चूल पेटतीच होती. कढईतलं पाणी चर्र करून उडालं, मग आवाज थांबला. तुम्ही परड्यात शेणी लावत होता. कोरडं बीड तापायला लागलं की त्याला एक वास येतो, जिभेवर पैसा ठेवल्यासारखा. त्या वासानं तुम्ही आत आलात. अजून दिसता तशाच. हात कोपरापर्यंत शेणाचे, डोळे माझ्याकडं नाहीत, कढईकडं. पदर हाताला गुंडाळता, कढई उचलता आणि मागच्या दारातनं बाहेर टाकून देता. शेणकुटाच्या ढिगावर पडली म्हणून वाचली, दगडावर पडती तर काचेसारखी फुटली असती. सोप्यात मामंजी, तुमचे मालक, सुपारी कातरत बसलेले. आवाज न चढवता विचारतात, "काय झालं गं?"

"काय न्हाई. पोरगी नवी हाय."

मग मला हळू म्हणालात, "रिकामी कढई या घरात तापायची न्हाई. उनात वाळवायची. पावसाळ्यात फडक्यानं पुसायची. गंजली तर गंजू दे."

"पर का, आत्याबाई?"

"सांगितलं तेवढं कर."

मामंजी हसले. "तुझ्या सासूला कढईचं भ्या वाटतंय," म्हणाले आणि अडकित्ता चालू ठेवला. मीही पदरात तोंड घालून हसले होते. नवी सून सासऱ्याच्या विनोदाला हसतेच. तुम्ही त्या दिवशी जेवला नाहीत. मला वाटलं, पदर जळला म्हणून.

पुढं तुम्ही अंथरुणाला खिळलात. आंघोळ घालायला मीच. तुम्ही कधी चोळी पाठीवरनं खाली येऊ दिली नव्हती, आता तुमच्या हातात काही राहिलं नव्हतं. खांद्याच्या फऱ्याखाली एक वण होता, बिजेच्या चंद्रकोरीएवढा वाकडा, जुना, पांढरा पडलेला, हाताला गुळगुळीत. मी विचारलं, हे कशाचं. "कढईचा चटका." मी म्हटलं, पाठीला? तुम्ही म्हणालात, "पाणी घाल, गार हुतंय." मामंजी तेव्हा जाऊन बरीच वर्षं झालेली. भिंतीवरच्या फोटोत टोपी घालून बसले होते. तरी तुम्ही आवाज बारीक करून बोललात, जसं काही ते बाहेर सुपारी कातरतायत. हे मला तेव्हा दिसलं आणि कळलं नाही. आता कळतं आहे, तर त्याचा तुम्हाला काही उपयोग नाही.

ती कढई मी नातीला दिली. लग्नाआधी पोरगी पांढरीफटक दिसायची. डॉक्टरीण म्हणाली, रक्त कमी आहे, गोळ्या घ्या आणि लोखंडाच्या भांड्यात शिजवून खा. माझा पोरगा म्हणाला, "आई, रुखवतात भंगार ठेवत्यात व्हय?" मी म्हटलं, तुझ्या मिक्सरनं रक्त वाढत न्हाई. तेल पिऊन पिऊन काळी कुळकुळीत झालेली कढई, पोरीनं ओढणीत बांधून नेली. तुमचा हुकूमही सोबत दिला. पोरगी हसून म्हणाली, "आज्जी, असलं कुठं असतंय व्हय." कारण माझ्याकडं असतं तर दिलं असतं.

आता पंचमी. तुम्हाला सांगायला नको, त्या दिवशी काही चिरायचं नाही, काही तळायचं नाही, तवा-कढई आगीला लावायची नाही. उकडून खायचं. आपल्याकडं आता कोण एवढं बघतं, पण पोरीच्या सासरी कडक. तिची सासू आदल्या सांजेलाच विळी बांधून माळ्यावर टाकते, तवा-कढई धुऊन पालथी घालते. पोरगीच मागच्या वर्षी कौतुकानं सांगत होती. तर पंचमीच्या दुपारी ती आली. चहा घेतला. खुर्चीला पाठ टेकली नाही. मला वाटलं, एसटीनं अंग आंबलं असेल. म्हटलं, ये, डोक्याला तेल लावते. पुढ्यात बसली, मी केस वर धरले, ड्रेसचा गळा जरा मागं सरकला. ओला वण. लालबुंद, मधनं पिवळा. वाकडा. बिजेच्या कोरीएवढा.

माझ्या हातातली तेलाची वाटी तशीच राहिली. म्हटलं, हे काय?

"कढई लागली गं. आज सकाळी उतरवताना."

मी कोरफड तोडायला उठलेसुद्धा. कढईचे चटके मला काय नवीन आहेत, माझी बोटं बघा. दारापर्यंत गेले आणि थांबले. म्हटलं, "आज? पंचमीला कढई?"

पोरीनं वर बघितलं. चूक झाली हे तिला माझ्या आधी कळलं होतं. बाईच्या तोंडात जे वाक्य तयार असतं ते घाईत बाहेर पडतं. दुसरा कुठलाही दिवस असता तर खपलं असतं, पन्नास वर्षं खपलंच की. ती एवढंच म्हणाली, "पप्पांना सांगू नकोस."

मी तेव्हापासनं एकच गोष्ट घोळवते आहे. त्या घरात पंचमीला कढईत काही शिजवायचं नव्हतं. म्हणजे ती रिकामी तापली. आणि बीड लवकर तापत नाही, आत्याबाई. हात उचलला असता तर म्हटलं असतं राग आला. काठी मारली असती तरी राग म्हटलं असतं. पण बीड तापायला वेळ लागतो. पालथी घातलेली कढई कुणीतरी सरळ केली, गॅस पेटवला, आणि तापेस्तोवर तिथं उभं राहिलं. तेवढ्या वेळात चहा होतो. तेवढ्या वेळात माणसाचा राग शांत होतो. तुमच्या वेळी तर चूल होती, फुंकायची, लाकूड सारायचं. तुम्ही तेव्हा कुठं होता? ते सगळं बघत होता का? तो वास तुम्हाला परड्यापर्यंत कसा आला, ते मला आता कोणी समजावून सांगायला नको.

त्याच संध्याकाळी जावयाचा फोन आला. सगळ्यांना ऐकू जाईल असा पोरानं मोठ्यानं लावला. बोलायला गोड आहे हो. घरी आला की आधी माझ्या पाया पडतो, माझ्या गुडघ्याची चौकशी करतो, येताना माझ्यासाठी मऊ पेढे आणतो कारण मला दात नाहीत. फोनवर म्हणाला, "आज्जी, तुमच्या नातीला जरा कढई धरायला शिकवा की. सारखी भाजून घेत्या." पोरगा हसला. सून हसली. पोरगीसुद्धा हसली, सगळ्यांच्या जरा मागनं. मी हसले नाही. चटक्याचं आम्ही कुणी त्याला विचारलंच नव्हतं. आणि तो सारखी म्हणाला. मी तर एकच वण बघितला होता.

आज सकाळी पोराला बाजूला घेऊन सांगितलं. त्यानं ऐकलं, नखं बघत. मग म्हणाला, "आई, नवरा-बायकोचं हुतंय कवातरी. आपण इचारलं तर उद्या तिलाच तरास."

"मग कुणी इचारायचं?"

"तू मध्ये पडू नकोस. पावणं येणार हायत, सणासुदीचं दिस हायत."

तुमचाच नातू. बोलणं तुमचं, बसणं मामंजींसारखं. सुनेला विचारलं तर ती पोरीची बॅग भरत होती, म्हणाली, "तिला बघा की इचारून, तीच जातो म्हणत्या." विचारलं. पोरगी म्हणाली, "जातो की आज्जी. तो तसा न्हाई गं. नंतर लय चांगलं वागतोय. रडतोयसुद्धा." मी म्हटलं, पुढच्या खेपेला काय तापवणार, ते सांगितलंय का त्यानं? ती भिंतीकडं तोंड करून पडली. तेव्हापासनं उठली नाही. झोपली आहे का नुसती पडली आहे, बघायला मी दोनदा जाऊन आले. श्वास घेते आहे.

तुम्ही फक्त एक नाव घेतलं असतं तर. पाणी घाल म्हणायच्या आधी फक्त मालकांचं नाव. मग कढईच्या चटक्याचं हे वाक्य आमच्या घरात पुन्हा आलं असतं तेव्हा मी त्याला दारातच ओळखलं असतं. कढई त्या घरात पाठवली नसती. कढई नसती तर उलथनं असतं, तवा असता, ते मला कळतं, मी काही खुळी नाही. ज्याला तापवायचंच आहे त्याला भांड्याला काय तोटा. पण पोरीला पाठवताना हुकूम नव्हे, कारण दिलं असतं. तिला पहिल्या वासालाच दार उघडून बाहेर पळ म्हणून सांगितलं असतं.

हा कागद कुठं टाकायचा नाही. पत्ता असता तरी टाकला नसता. तुम्ही वाचून म्हणाला असता, सांगितलं तेवढं कर. घडी घालून कमरेच्या पिशवीत ठेवते, सुपारीजवळ. एक कबूल करते, ते तुमच्याजवळच राहू दे. मी गल्लीत भल्याभल्यांना गप्प करते, रिक्षावाले मला बघून सुटे पैसे आधी काढतात, पण आज मला भ्या वाटतंय. त्या गोड आवाजाचं वाटतंय. पेढ्याचा पुडा पुढं आला आणि मी हात पुढं केला तर काय, याचं वाटतंय.

कोपऱ्यावर गाडी वळली. पोरगा अजून आलेला नाही, ते बरंच झालं. मी उंबऱ्यात खुर्ची टाकली आहे आणि पोरीची बॅग खुर्चीखाली सारली आहे. माझ्या नातीच्या पाठीला काय झालं, एवढंच विचारणार आहे. पोरीनं आतनं ओ द्यायची नाही. सुनेनं पाणी घेऊन मध्ये यायचं नाही. तुम्हीही आता वरनं त्याच्या तोंडात कसलं कारण घालू नका. उत्तर त्यानं द्यायचं, बाहेर, उभ्यानं.